पोटावरचा देवमासा

आमचं दुकान उघडायला फार वेळ लागतो, अशी तक्रार पहिल्यांदा आली तेव्हा मी ती स्तुती समजलो होतो. चांगल्या गोष्टी सावकाशच उघडतात, असं माझं जुनं मत आहे. कळी सावकाश उघडते, मोठं पुस्तक सावकाश उघडतं, वर्गात नव्यानं आलेल्या मुलाचं तोंड तर कधी कधी दिवाळखोराच्या तिजोरीपेक्षाही उशिरा उघडतं. पण तक्रार करणाऱ्या बाई खेळण्यांच्या एका मोठ्या दुकानाच्या मालकीण होत्या आणि त्यांना कळ्यांशी काही कर्तव्य नव्हतं. त्यांनी फोनवर हिला सांगितलं, की तुमचे प्राणी बघायला मी दोनदा बसले आणि दोन्ही वेळा नुसता पांढरा पडदा बघून उठले. आता रविवारी दुपारी शेवटचं बघते. दिसले आणि आवडले, तर आमच्या दुकानात तुमच्यासाठी एक फळी मोकळी करू.

ही म्हणजे माझी बायको. हिनं उभ्या आयुष्यात दुसऱ्यांचे पडदे आणि उशांचे अभ्रे शिवले. मापं त्यांची, कापड त्यांचं, आणि चुकलं तर चूक हिची. मी शाळेतून निवृत्त झालो त्याच सुमाराला हिनं उरलेल्या तुकड्यांतून पहिला देवमासा शिवला. तो कुणी मागितला नव्हता. मग ससा झाला, अस्वल झालं, आणि एक असा प्राणी झाला की ज्याचं नाव मलाही सांगता येत नाही, आणि मी भूगोल शिकवलेला माणूस आहे. झोपताना मुलांनी कुशीत घ्यावेत असे हे प्राणी. दूरच्या शहरात नोकरीला असलेल्या आमच्या मुलीनं त्यांच्यासाठी इंटरनेटवर एक दुकान काढून दिलं. दुकानाला भिंती नाहीत, शटर नाही, गल्ला नाही. फोटो तेवढे आहेत. आणि फोटो माझे आहेत.

फोन ठेवून ही मशीनपाशी आली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "रविवारी उघडलं नाही, तर मी मशीनवर खोळ घालते."

रागावून म्हणाली असती तर मला काही वाटलं नसतं. रागाला मी सरावलेलो आहे. पण हिनं मशीनच्या खालच्या कप्प्यातून ती राखी-निळी खोळ काढली, झटकली, घडी घालून मशीनच्या शेजारी ठेवली. पहिला देवमासा झाल्यापासून त्या खोळीला कुणी हात लावला नव्हता. 

आता माझ्या फोटोंबद्दल सांगितलं पाहिजे. शाळेत मी चित्रकला आणि भूगोल शिकवायचो. माझं तत्त्व एकच होतं: शेवटच्या बाकावरच्या मुलाला दिसलं पाहिजे. नकाशा काढायचा तर फळाभर. कमळ काढायचं तर पाकळी हाताएवढी. माझी नदी फळ्यावर मावत नसे, ती भिंतीवरून दाराकडे जायची आणि मुख्याध्यापक तिला पुसायला शिपाई पाठवायचे. निवृत्त झालो तेव्हा जुन्या विद्यार्थ्यांनी मला मोठा कॅमेरा भेट दिला. त्यात लहान, मध्यम, मोठा आणि सर्वोत्तम असे फोटोंचे प्रकार होते. मी शिक्षक. मी सर्वोत्तमवर बोट ठेवलं आणि ते पुन्हा हलवलं नाही.

फोटो काय सुंदर आले म्हणून सांगू. देवमाशाच्या टाक्यांत अडकलेला धाग्याचा बारीक तंतू दिसायचा. त्याच्या डोळ्याचं बटण मोठं करून पाहिलं तर त्यात खिडकी दिसायची, आणि अजून मोठं केलं तर खिडकीपुढे कॅमेरा घेऊन वाकलेला मी. असे सगळे फोटो मी दुकानात लावले आणि दर्शनी भागात एक व्हिडिओ लावला. तो माझा मानबिंदू. खिडकीजवळच्या आरामखुर्चीत बसून मी एकेक प्राणी हातात घेतो आणि मुलांना त्याची माहिती सांगतो. देवमासा पाण्यात राहतो पण श्वास घ्यायला वर का येतो, इथपासून सुरुवात. दुकानात कुणी पाऊल टाकलं रे टाकलं की माझा व्हिडिओ आपोआप सुरू व्हायचा. म्हणजे व्हायला हवा होता. कुणाकडेही तो शेवटपर्यंत पोचल्याचं ऐकिवात नव्हतं. खरं सांगायचं तर मीही तो शेवटपर्यंत पाहिला नव्हता. शिक्षक आपला तास स्वतः कधी ऐकतो का?

तर तक्रार आल्यावर मी स्वतः दुकान उघडून बसलो. दुपार होती. पडदा पांढरा होता. मग वरच्या काठाशी एक रेघ आली, तिच्याखाली दुसरी. आधी भिंतीचा रंग उतरला, मग खिडकीची चौकट, मग चौकटीतून आत आलेलं ऊन. रेघारेघांनी ऊन खाली येत होतं, जसं काही कुणी वर बसून ते हळूहळू सोडतंय. देवमाशाची पाठ दिसू लागेपर्यंत मी त्या उन्हात कुठेतरी निघून गेलो होतो. पाणी होतं, मी होडीत होतो, आणि माझी जुनी फळाभर नदी शेवटी एकदाची समुद्राला मिळाली होती. जागा झालो तेव्हा चहा निवलेला होता आणि देवमाशाला अजून शेपूट आलेलं नव्हतं. मला तरी यात तक्रार करण्यासारखं काही दिसेना. पण कोपऱ्यात खोळ दिसत होती.

सल्ल्यांना सुरुवात वरच्या मजल्यावरून झाली. तिथे पूलसाहेब राहतात. त्यांनी नोकरीभर पूल बांधले, त्यामुळे जगात त्यांना दोनच गोष्टी दिसतात, भार आणि प्रवाह. त्यांनी आमच्या घरात येऊन हात मागे बांधून दोन फेऱ्या मारल्या आणि निदान केलं, की वायफायचा डबा खाली आहे, प्रवाहाला उंची मिळत नाही. डबा कपाटावर चढवला. मग कपाट भिंतीआड येतंय असं ठरलं, म्हणून कपाट सरकवलं. ते बोळात येऊन अडलं आणि पुढेही जाईना, मागेही येईना. पूलसाहेब म्हणाले, रचना भक्कम आहे, काळजी नको. त्या दिवसापासून आम्ही स्वयंपाकघरात आडवे होऊन जाऊ लागलो. दुकान होतं तसंच सावकाश उघडत राहिलं. पूलसाहेबांच्या घरी मात्र आमचं नेट उत्तम येऊ लागलं. त्यांनी ते प्रामाणिकपणे कळवलंही.

शेजारच्या वहिनींचं मत निराळं. त्यांच्या मते सगळा जडपणा रंगांचा असतो. "भावोजी, काळे-पांढरे करून बघा. आमचा जुना टीव्ही कसा लगेच लागायचा." मी हसलो, पण संध्याकाळभर मनात घोळत राहिलं, की निळा रंग पिवळ्यापेक्षा जड असेल का. समुद्र निळा आहे आणि समुद्र जड आहे, हे खरंच.

मग मी रीतसर मार्गानं जायचं ठरवलं. आम्हाला दुकानाची जागा ज्या कंपनीनं दिली होती, तिच्या मदत विभागाला सविस्तर पत्र लिहिलं. विषय, संदर्भ, महोदय, सगळं नीट. पुरावा म्हणून फोटो जोडले. तत्काळ उत्तर आलं, की आपली जोडणी फार जड असल्यामुळे तक्रार स्वीकारता येत नाही. माझी तक्रार नेमकी तीच होती, पण हे सांगायलाही ती स्वीकारली जायला हवी होती. मी पत्र फोटोंशिवाय पाठवलं. उत्तर आलं, की अडचणीचा फोटो जोडल्याशिवाय तक्रार पुढे जात नाही. अडचण म्हणजे पांढरा पडदा. मी मोठा कॅमेरा काढून पांढऱ्या पडद्याचा फोटो घेतला आणि जोडला. तोही जड निघाला. काहीच नसण्याचाही मी सर्वोत्तम फोटो काढला होता. त्यानंतर त्यांच्याकडून एक प्रेमळ विचारणा आली, की आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात. मी उत्तर लिहायला घेतलं, पण मजकूर शिक्षकाला न शोभणारा होऊ लागला म्हणून थांबलो.

शेवटी मुलीला फोन केला. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, फोटो लहान करा." एवढंच ना, म्हणून मी पानावरच्या प्रत्येक फोटोचा कोपरा पकडला आणि आत ओढला. देवमासा पोस्टाच्या तिकिटाएवढा झाला. आता दुकान पूर्वीइतक्याच वेळात उघडायचं आणि इतकं थांबून गिऱ्हाइकाला तिकीट बघायला मिळायचं. मुलगी पुन्हा फोनवर आली. तिनं ते पाहिलं. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही हत्तीपासून लांब जाऊन उभे राहिलात. हत्ती तेवढाच आहे." बाप म्हणून मला वाईट वाटलं. शिक्षक म्हणून उदाहरण आवडलं.

मग तिनं फोटोचं वजनच कमी करायची युक्ती सांगितली. तिथे एक सरकपट्टी असते, उजवीकडे दर्जा, डावीकडे हलकेपणा. "बेतानं हं बाबा," असंही म्हणाली होती, पण तोवर मी पट्टी पार डावीकडे नेऊन ठेवली होती. दुकान चटकन उघडलं. मी अभिमानानं हिला हाक मारली. कपाटामुळे तिला आडवं यावं लागलं. तिनं चष्मा लावून पडद्याकडे पाहिलं. तिथे चौकोनांचा एक ढीग होता, अंधूक निळसर, आणि त्याला दोन काळे चौकोनी डोळे होते.

"हा कोण?" तिनं विचारलं.

मी देवमासा म्हटलं. तिनं चष्मा काढला. आत गेली, आडवीच. मला मशीनचा आवाज येईल असं वाटलं, पण तो आला नाही. मुलगी म्हणाली होती, की सोमवारी सुट्टी काढून सगळं मी नीट करते. पण त्या बाई दुकान बघणार होत्या रविवारी, आणि फोनवर मी तिला ऐटीत सांगून बसलो होतो, की काही गरज नाही, मी आहे.

शनिवारी संध्याकाळी मुलं आली. आजूबाजूच्या घरांतली काही मुलं माझ्याकडे येतात. शिकवणी नव्हे, आम्ही नुसतं काहीतरी करत बसतो. ती मला मास्तरआजोबा म्हणतात. त्यात एक मुलगी आहे, तिला मी प्रश्नचिन्ह म्हणतो, आणि तिला ते आवडतं. आल्या आल्या तिनं विचारलं, की कपाट वाटेत का आहे. मी सांगू लागलो तर दुकानाची सगळीच हकिकत सांगावी लागली. मग ती म्हणाली, की फोटो जड कसा असतो, त्याला तर हात लावता येत नाही.

हे मला कुणी विचारलं नव्हतं. आणि मला एखादी गोष्ट समजलेली नसली, की ती मुलांना शिकवायला घेणं हा माझा जुना उपाय आहे. मी मोठाले कागद चिकटवून त्यांच्यावर माझ्या पद्धतीचा, पार शेवटच्या बाकासाठीचा देवमासा काढला. त्याचे तुकडे केले. म्हटलं, आतली खोली हे दुकान, बाहेरची खोली हे गिऱ्हाइकाचं घर. कपाटाशेजारची फट हे नेट. एका वेळी एकच मूल, एकच तुकडा. मुलांत सगळ्यांत लहान होती ती गिऱ्हाईक झाली आणि बुटक्या स्टुलावर ऐटीत बसली.

मुलं आडवी होऊन एकेक तुकडा आणू लागली. वरची भिंत आली. मग आणखी भिंत आली. मग खिडकीचा कोपरा. गिऱ्हाइकानं आधी पाय हलवले, मग जांभई दिली, मग स्टुलावरून उतरून ते पाणी प्यायला निघून गेलं. रिकाम्या स्टुलाकडे मी पाहतच राहिलो. त्या क्षणी मला त्या दुकानवाल्या बाई पाठमोऱ्या दिसल्या.

गिऱ्हाइकाला समजावून परत बसवलं. तेव्हा तिनं हातातल्या तुकड्यांकडे पाहून कुरकुर केली, "आजोबा, हा माझ्या मांडीवर मावतच नाहीये."

मावत नव्हता. माझी नदी फळ्यावर मावायची नाही तसाच. मी एवढी वर्षं शेवटचा बाक म्हणजे सगळ्यांत लांबचा बाक समजत आलो. इथे शेवटच्या बाकावर कोण होतं? ज्याची फट सगळ्यांत अरुंद आहे ते. त्याच्यासाठी चित्र वाढवायचं नसतं, त्याच्या मांडीएवढं करायचं असतं.

मी एक छोटा कागद घेतला. निळा खडू आडवा धरून त्यावर दोनच हात फिरवले, धुक्यातून दिसावा तसा देवमासा. तो आधी पाठवला. गिऱ्हाईक सरसावून बसलं. "येतोय," ते म्हणालं. मग मांडीएवढ्या कागदावरचा स्पष्ट देवमासा पाठवला. ससा आणि अस्वल घेतलेल्या मुलांना सांगितलं, की बोलावल्याशिवाय फटीत शिरायचं नाही. खेळ झटक्यात संपला. मुलांनी तो पुन्हा पुन्हा खेळला. प्रश्नचिन्हानं विचारलं, की आजोबा, तुम्ही हे आधी का नाही केलं. मी तिला घरी उशीर होतोय का ते विचारलं.

रविवारी सकाळी आम्ही दोघं कॉम्प्युटरपुढे बसलो. ही सहसा त्याच्यापुढे बसत नाही. मी एकेक फोटो कापून पडद्याच्या मापाचा केला आणि सरकपट्टी हिच्या हातात दिली. "टाके दिसू देत," ती म्हणाली, "तंतू कशाला? तंतू राहिला ही माझी चूक आहे, ती जगाला दाखवताय होय?" तिनं पट्टी सरकवली, मान तिरकी केली, थोडी मागे घेतली, थांबली. कापड बेतताना ती अशीच थांबते. आधी धूसर चित्र यावं आणि खालचे प्राणी बोलावल्याशिवाय येऊ नयेत, याची कळ मुलीनं फोनवर सांगितली. तशी सोय दुकानात पहिल्यापासून होती, फक्त ती मी बंद केली होती. सगळ्यांना सगळं एकदम दिसावं म्हणून.

राहिला व्हिडिओ. मुलगी म्हणाली, की तो फार तर चार-सहा सेकंदांचा हवा. आणि बिनआवाजाचा.

"बिनआवाजाचा?" मी विचारलं.

"बाबा, लोक बसमध्ये असतात, ऑफिसात असतात."

 देवमासा श्वास घ्यायला वर का येतो, हे चार सेकंदांत, तेही मुक्यानं सांगायचं होतं. मी हिला म्हटलं, की तूच काय ते काप, माझ्यानं होणार नाही, आणि चहा करायला गेलो. आडवा.

बाहेरून व्हिडिओतला माझा आवाज ऐकू येत होता. सस्तन प्राणी, कल्ले नव्हे तर फुप्फुसं. मग ससा. मग अस्वल, आणि तो नाव नसलेला प्राणी. मग माझा आवाज थांबला. चहाला उकळी आली. आणि बाहेर ही हसायला लागली. तोंडावर पदर किंवा हात ठेवून हसतात तसं नव्हे, मोकळं. मला आठवेना, की असं हसू मी शेवटचं कधी ऐकलं होतं.

मी कप घेऊन आलो. पडद्यावर आरामखुर्ची होती, खिडकीतलं ऊन होतं आणि खुर्चीत मी होतो, झोपलेला. तास संपल्यावर मी कॅमेरा बंद करायला विसरलो होतो आणि तो बिचारा माझ्याकडे बघत राहिला होता. देवमासा माझ्या पोटावर होता. मी श्वास घेतला की तो हळूच वर यायचा, सोडला की खाली जायचा. वर, खाली. त्याच्या पाठीवरून ऊन घसरायचं आणि परत चढायचं. मागे पडदा हलत होता.

"हे ठेवते," ही म्हणाली.

"यात मी झोपलोय."

"हो."

"माझं तोंड उघडं आहे."

"तोंड कापते. पोट ठेवते."

माझ्या सगळ्या व्याख्यानातून शेवटी माझं पोट तेवढं उरलं. तेही नावाशिवाय.

दुपारी आम्ही फोनजवळ बसलो. ही खोळीकडे बघत नव्हती, म्हणजे तिला ती सारखी दिसत होती. पूलसाहेब काही बातमी आहे का बघायला आले आणि कपाटाच्या पलीकडेच उभे राहिले. फोन वाजला. मालकीणबाईंचा आवाज शांत होता. त्या म्हणाल्या, की उघडलं लगेच. आधी धुकं दिसलं आणि धुक्यातून प्राणी आले, ते फार छान वाटलं. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "तो देवमासा खरंच श्वास घेतो का हो?"

"नाही," ही म्हणाली. "ते आमचे हे आहेत."

पलीकडून हसू आलं. मग बाई म्हणाल्या, की मी ते कितीदा बघितलं कोण जाणे, बघता बघता खुर्चीतच डोळा लागला माझा, म्हणून फोनला उशीर झाला. फळी आजच रिकामी करून घेते. सगळे प्राणी पाठवा आणि देवमासे जास्त पाठवा.

त्यानंतर दिवसभर घरात मशीनचा आवाज येऊ लागला. त्या आवाजात मला दुपारी फार चांगली झोप लागते. कपाट अजून बोळातच आहे, कारण पूलसाहेब म्हणतात, की यश आलेली रचना बदलू नये, आणि मुलांना नेटचा खेळ खेळायला ती फट लागते. आम्ही घरचे आता आडवे चालण्यात तरबेज झालो आहोत.

एका दुपारी मशीनवर धूळ दिसली म्हणून मी खोळ शोधायला गेलो. कोपऱ्यात नव्हती, खालच्या कप्प्यातही नव्हती. हिला विचारलं तर तिनं मान वर न करता खुर्चीकडे बोट केलं. खुर्चीत एक नवा देवमासा होता, इतरांपेक्षा मोठा, राखी-निळा. खोळीची बांधायची नाडी त्याचं शेपूट झाली होती.

"हा विकायचा नाही," ती म्हणाली. "कापड कमी पडत होतं, आणि ती तशीही कामाची नव्हती."

मी खुर्चीत बसलो. देवमासा पोटावर ठेवला. ऊन खिडकीशी आलंच होतं. मी डोळे मिटले, आणि मग पुन्हा उठून कॅमेरा बंद आहे ना, तेवढं बघून आलो.